झोपताना म्हटलेल्या कविता नक्की कुणासाठी होत्या?

आजचा विषय ऐकायला अगदी छोटा आहे. मुलांना झोपवताना म्हणायच्या चार-सहा ओळी. अंगाई, ओवी, पाळणा, बडबडगीत, तुमच्या घरी जे काही म्हणत असतील ते. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण आज आपण या ओळींना एकच प्रश्न विचारणार आहोत. त्या नक्की कुणासाठी होत्या? झोपणाऱ्या बाळासाठी, की म्हणणाऱ्या बाईसाठी?

सुरुवात करूया जवळजवळ नऊशे वर्षं मागे जाऊन. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११२९ सालचा. स्वयंपाकापासून हत्तींपर्यंत राजाला माहीत असावं असं सगळं त्यात आहे. गाण्यांबद्दल सांगताना तिथे एक नोंद येते की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. बघा हं, ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. म्हणजे ज्या ओवीला आपण ग्रंथातून ओळखतो, ती त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी उखळापाशी गायली जात होती.

आता कांडण-दळण आणि बाळाची झोप यांचा संबंध काय? तर संबंध वेळेचा आहे. घरात सगळे झोपलेले असताना, पहाटेच्या अंधारात, बाई जात्यावर बसायची. तान्हं मूल असेल तर ते मांडीवर घेऊनच. जात्याची घरघर, हाताची लय आणि त्यावर ओवी. त्या आवाजातच मूल झोपायचं. कामाचं गाणं आणि झोपेचं गाणं अशी वेगळी खाती नव्हती. ओवी छोटी का, याचंही उत्तर तिथेच सापडतं. दोन्ही हात खुंट्यावर, श्वास कामात गुंतलेला. एका दमात म्हणता येईल एवढंच म्हणायचं, मग पुन्हा दुसरी.

त्या ओव्यांमध्ये बाळाचं कौतुक भरपूर असतं. पण त्याच्या शेजारीच सासरचा जाच असतो, न्यायला न आलेला भाऊ असतो, दुखणारे हात असतात. मांडीवरच्या बाळाला यातलं काय कळणार? काहीच नाही. आणि म्हणूनच त्याच्यासमोर सगळं बोलता येत होतं. सासूने ऐकलं तरी काय, सून आपली बाळाला निजवतेय. ज्या बाईला दिवसभर वर मान करून बोलायची सोय नव्हती, तिला या वेळी बोलायची मुभा होती.

इथे एक फरक लक्षात घ्या. पाळणा वेगळा. तो बारशाला, रामनवमीला, चार बायका जमवून गायचा. तो सोहळा असतो, बाळाचं नाव सगळ्यांना कळावं म्हणून. अंगाई मात्र दोघांमधलीच, आणि त्या दोघांतला एक जण झोपेला आलेला.

आता येऊ १८९०च्या दशकात. तोवर मराठीत मुलांसाठी छापील मजकूर सुरू झाला होता. विनायक कोंडदेव ओक यांचं 'बालबोध' मासिक १८८१ पासून निघत होतं. शहाणपण, थोरांची चरित्रं, उपदेश असा तो काळ. त्याच काळात एक तरुण कवी अंगाई लिहितो. दत्तात्रय कोंडो घाटे, कवी म्हणून नाव नुसतं 'दत्त'. जन्म १८७५. १८९६-९७ चा दुष्काळ आणि मुंबई-पुण्याला आलेला प्लेग, दोन्ही त्यांच्या विशीतले.

दत्तांच्या अंगाईत आई बाळाला नीज म्हणते, आणि घरात उंदीर खडबड करत असतात. ते दाणा शोधत फिरतात आणि निराश होतात. बस, एवढंच. घरात धान्य नाही असं थेट सांगायची गरजच पडत नाही. बाळाला ऐकू येतो उंदरांचा आवाज. मोठ्या माणसाला कळतं की या घरात उंदरालासुद्धा खायला काही उरलेलं नाही. जात्यावरच्या बायकांची जुनी रीत दत्तांनी कागदावर आणली. बाळाशी बोलायचं, आणि जे खरं आहे ते बोलून टाकायचं.

दत्त १८९९ मध्ये गेले. वय अवघं २३. मागे त्यांचा चार वर्षांचा मुलगा होता, विठ्ठल. हाच मुलगा पुढे वि. द. घाटे म्हणून मोठा लेखक आणि शिक्षणतज्ज्ञ झाला. त्यांनी १९२२ मध्ये 'दत्तांची कविता' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. ज्या वडिलांचा सहवास जेमतेम चार वर्षं मिळाला, त्यांच्या कविता मुलाने जपल्या. याच वि. द. घाट्यांनी पुढे आचार्य अत्र्यांबरोबर 'नवयुग वाचनमाला' तयार केली. मुलांच्या हातात कंटाळवाणे धडे नकोत, गोडीचं काहीतरी हवं, हा त्यामागचा विचार. म्हणजे वडिलांनी अंगाई लिहिली आणि मुलाने मराठी पोरांना काय वाचायला द्यायचं ते ठरवलं. एका घरातल्या दोन पिढ्यांत केवढा प्रवास झाला बघा!

कारण आता मूल हे खरोखरचं श्रोता व्हायला लागलं होतं. या बदलाचं सगळ्यात मजेदार टोक म्हणजे विंदा करंदीकर. १९६१ मध्ये त्यांची 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' ही बालकवितांची पुस्तकं आली. पुढे १९८१ मध्ये 'पिशीमावशी आणि तिची दुनिया'. आठवा, त्याआधी झोपेच्या वेळी भीती कशासाठी वापरली जायची? झोप नाहीतर बागुलबुवा येईल! विंदांनी ती भुताटकीच विनोदी करून टाकली. पिशीमावशीला घाबरायचं असतं, पण हसत हसत. या कवितांमध्ये मोठ्यांचं रडगाणं नाही, उपदेश नाही. पोराला हसू आलं की काम झालं. ज्या कवीला पुढे २००३ चा ज्ञानपीठ मिळाला, त्याने हे काम दुय्यम मानलं नाही.

मग आधीचं चूक आणि नंतरचं बरोबर का? मला तसं वाटत नाही. मुलांना त्यांच्या हक्काची कविता मिळाली, हे फार चांगलं झालं. पण त्याच सुमारास गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. हाताचं कष्टाचं काम सुटलं, त्याबद्दल कुणी बाई हळहळणार नाही. मात्र कामाबरोबर ती बोलायची जागाही गेली.

त्यातलं बरंच वाचलं ते गोळा करणाऱ्यांमुळे. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' केलं. नंतर १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून मोठं काम उभं केलं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आज त्यातल्या अनेक 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत दिलेलं असतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इतकी शतकं ज्यांची दखल 'महाराष्ट्रातल्या बायका' एवढीच घेतली गेली, त्यांना इथे नाव मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. फोनवर अंगाई लावली की मूल झोपतं, आणि दमलेल्या आई-बापाने ती लावली तर त्यात वाईट काही नाही. पण त्या गाण्याला तुमच्या बाळाचं नाव माहीत नसतं. जात्यावरची बाई तेच करायची. ओवी जुनीच, त्यात नाव आपल्या बाळाचं, गाव आपल्या माहेरचं. हे आजही जमतं. कुठलीही छोटी कविता घ्या, त्यात भाचीचं नाव घाला, दिवसभरात काय घडलं त्याची एक ओळ जोडा. यमक चुकलं तरी ती तक्रार करणार नाही.

आणि एक काम या आठवड्यात नक्की करा. घरात आजी, आत्या, मावशी असेल तर विचारा, तुम्ही काय म्हणून झोपवायचात? बहुतेक जणी आधी म्हणतील, आता कुठलं आठवतंय. थोडं थांबा. एक ओळ आली की मागून दुसरी येते. फोनवर रेकॉर्ड करा आणि फाइलला तिचं नाव, गाव आणि तारीख द्या. नुसतं 'आजीचं गाणं' असं ठेवू नका.

तर मंडळी, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!