सयामी जुळ्यांचे विलगीकरण : कायदा आणि नीती

जन्मतः शरीरे परस्परांना जोडलेली असलेल्या भावंडांना सयामी जुळी म्हणतात. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, १८११ साली जन्मलेल्या चँग व एंग या बंधूंवरून हे नाव रूढ झाले.

परळ-भोईवाडा परिसरातील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात १२ डिसेंबर २०१७ रोजी अशा दोन भावांना विलग करण्यात आले. पंधरा महिन्यांच्या या बालकांचे यकृत, आतडी व मूत्राशय जोडलेले होते. सुमारे बारा तासांच्या शस्त्रक्रियेनंतर दोघेही बचावले. दोघांनाही वाचवणे हाच हेतू असल्याने येथे कायद्याची अडचण नव्हती. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ नुसार (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ८९) बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी, पालकांच्या संमतीने व सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र हेतुपुरस्सर मृत्यू घडविण्यास हे संरक्षण नाही.

खरा पेच एकाला वाचवताना दुसऱ्याचा मृत्यू अटळ असतो तेव्हा पडतो. इंग्लंडमध्ये २००० साली ‘जोडी’ व ‘मेरी’ या टोपणनावांनी गाजलेल्या खटल्यात मेरी सर्वस्वी जोडीच्या हृदयावर जगत होती. विलग न केल्यास काही महिन्यांत दोघींचाही मृत्यू ओढवेल, असे डॉक्टरांचे मत होते. धर्मश्रद्धेमुळे आईवडिलांनी संमती नाकारली. तरीही अपील न्यायालयाने परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. मेरी दगावली, जोडी वाचली.

आपल्या कायद्यात सयामी जुळ्यांसाठी स्वतंत्र तरतूद नाही. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूविना केलेल्या कृतीला कलम १९ (पूर्वीचे ८१) संरक्षण देते. परंतु मृत्यू अटळ असल्याचे ठाऊक असणे आणि तो हेतू असणे यांतील सीमारेषा अशा वेळी अत्यंत पुसट होते.

शस्त्रक्रिया न करणे हाही निर्णयच असतो. डोक्याने जोडलेल्या पाटण्याच्या बहिणींच्या प्रकरणात जोखीम लक्षात घेऊन शस्त्रक्रिया टाळण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी दरमहा पाच हजार रुपयांच्या साहाय्याचा आदेश बिहार सरकारला दिला.

दोन्ही बालके स्वतंत्र व्यक्ती आहेत, ही कायद्याची व नीतीची समान भूमिका आहे. म्हणूनच पालकांची संमती आवश्यक असली, तरी एका अपत्याच्या वतीने दुसऱ्याचा जीव देण्याचा अधिकार त्या संमतीत नसतो.