डुबकीवाल्यांची मंडळी : डहाणूच्या ब्रदरन मिशनची पूर्वपीठिका

डहाणू आणि तलासरी ही नावे उच्चारली की आम्हां कॅथलिकांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते तलासरीचे ज्ञानमाता सदन. येशूसंघीय धर्मगुरूंनी आदिवासी मुलांसाठी तेथे केलेले शिक्षणकार्य आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत ठाऊक आहे. १९९८ साली वसई धर्मप्रांताची स्थापना झाली, तेव्हा हे दोन्ही तालुके त्याच्या सीमेत आले आणि ते ‘आपले’ झाले. पण याच टापूत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ‘मिशन’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा वेगळाच होता. डहाणू, पालघर, वाडा येथे मिशन म्हणजे ब्रदरन मिशन, आणि डहाणूचे इस्पितळ म्हणजे ब्रदरन मिशनचे इस्पितळ. ही मंडळी कोण, कुठली, त्यांची श्रद्धा काय, याची चौकशी आपण शेजारी असूनही फारशी केली नाही. ती उणीव थोडी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

त्यासाठी डहाणूहून थेट जर्मनीत जावे लागते. १६४८च्या वेस्टफालियाच्या तहाने तेथील तीस वर्षांचे धर्मयुद्ध थांबले. मात्र त्या तहाने तीनच पंथांना मान्यता दिली : कॅथलिक, लुथरन आणि रिफॉर्म्ड. राजाचा जो पंथ तोच प्रजेचा, ही जुनी रीत बव्हंशी चालूच राहिली. चौथ्या वाटेने जाणाऱ्याला दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. प्रौढपणी स्वतः विचार करून घेतलेला स्नानसंस्कार हा तर कायद्याने गुन्हाच मानला जाई. हा छळ करणाऱ्यांत कॅथलिक सत्ताधीशही होते, हे आम्ही येथे झाकून ठेवत नाही.

श्रीसहाईम गावचा अलेक्झांडर माक हा पिठाच्या गिरणीचा वारसदार. घरचे बरे होते. पण धर्माच्या शोधात त्याने घरदार सोडले आणि विटगेनश्टाईन संस्थानातल्या श्वार्झेनाऊ या खेड्यात आश्रय घेतला. तेथील राजा त्या मानाने सहिष्णू होता. १७०८ साली पाच पुरुष व तीन स्त्रिया अशी आठ माणसे तेथील एडर नदीत उतरली. मोठा पेच असा, की पहिला बाप्तिस्मा द्यायचा कोणी? ज्याचा स्वतःचाच तसा बाप्तिस्मा झालेला नाही, तो दुसऱ्याला कसा देणार? त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याने माकला पाण्यात बुडवले, मग माकने इतर सर्वांना. त्या पहिल्या माणसाचे नाव कोणीही सांगायचे नाही, असे त्या आठांनी ठरवले. ते नाव आजतागायत कोणालाही कळलेले नाही. आपल्या पंथाला माणसाचे नाव लागू नये, म्हणून ही खबरदारी. संस्थापकाच्या नावाने मिरवणाऱ्या जगात ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते.

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने तीन वेळा पुढे वाकून पाण्यात बुडायचे, हा त्यांचा विधी. त्यावरून लोकांनी त्यांना ‘डंकर’ म्हणजे डुबकीवाले असे थट्टेचे नाव दिले. तान्ह्या मुलाला स्नानसंस्कार देण्यास त्यांचा विरोध होता, आणि येथे त्यांचा व आपला मार्ग उघडच भिन्न आहे. नवा करार हाच आमचा मतसंग्रह, त्यापलीकडे लिहून काढलेला विश्वासाचा अंगीकार नको, असे ते म्हणत. येशूने जे करायला सांगितले ते शब्दशः करायचे. शपथ घेऊ नका म्हटले आहे, तर न्यायालयातही शपथ घ्यायची नाही. शत्रूवर प्रीती करा म्हटले आहे, तर हाती शस्त्र धरायचे नाही. भावाने भावावर फिर्याद करू नये असे संत पौल करिंथकरांना लिहितो, म्हणून आपसांतले वाद कोर्टात न्यायचे नाहीत. कपडा साधा, घर साधे, बोलणे साधे.

त्यांचे प्रेमभोजन मात्र आपल्याला जवळचे वाटावे. संध्याकाळी मंडळी मेजाभोवती जमते. प्रथम आत्मपरीक्षण, मग पाय धुणे, मग साधे जेवण, आणि शेवटी भाकर व प्याला. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय त्यांनी पूजाविधीत जसाच्या तसा उतरवला आहे. आपल्याकडे पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. बाकीचे आपण बाकांवर बसून पाहतो. त्यांच्याकडे पाहणारा कोणी नसतो. प्रत्येक जण शेजाऱ्याचे पाय धुतो, पुसतो, आणि मग दुसऱ्याकडून आपले धुवून घेतो. दुसऱ्याचे पाय धुणे एक वेळ सोपे. आपले पाय पुढे करणे अधिक संकोचाचे, असे आम्हांला वाटते. पेत्रालाही तेच जड गेले होते.

छळ टळेना, तेव्हा १७१९ साली पीटर बेकर याच्यासह काही कुटुंबे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेली. १७२९ साली माकही गेला. तेथे जर्मनटाऊनमध्ये ते स्थिरावले. या पंथाचा छापखानदार धाकटा क्रिस्टोफर सॉवर याने अमेरिकन क्रांतीच्या काळात निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले आणि १७७८ साली आपली सगळी मालमत्ता गमावली. गुलाम बाळगण्याविरुद्ध या मंडळीच्या वार्षिक सभेने १७८२ सालीच निर्णय घेतला होता. पुढे त्यांच्यातही फुटी पडल्या, त्या तपशिलात आम्ही शिरत नाही. १९०८ साली त्यांच्या मुख्य शाखेने ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ हे नाव धारण केले.

भारतात ते आले १८९४च्या अखेरीस. विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन अशी तीनच माणसे मुंबई बंदरात उतरली आणि गुजरातेत बलसाड येथे राहिली. पाच-सहा वर्षांत, १८९९-१९००चा भीषण दुष्काळ पडला. गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात. धर्मप्रसार बाजूला राहिला. धान्य वाटणे आणि आईबाप गेलेली मुले सांभाळणे हेच त्यांचे काम होऊन बसले. ही सेवा म्हणजे त्यांच्या दृष्टीने धर्माला जोडलेले शेपूट नव्हते. पाय धुण्याचाच तो पुढचा भाग होता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी रेल्वेमार्गाने दक्षिणेकडे सरकत ते डहाणूला पोहोचले. ज्या किनाऱ्यावरून १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीज सत्ता उखडली, आणि तिच्याबरोबर आपल्या जुन्या ख्रिस्तमंदिरांची घडीही मोडली, तेथेच आता इंग्रजी बोलणारे, जर्मन वंशाचे, शेतकरी घराण्यांतून आलेले हे मिशनरी मराठी शिकू लागले. बलसाड, अंकलेश्वर, आहवा येथे गुजराती, तर डहाणू, वाडा, पालघर येथे मराठी, अशी त्यांच्या कार्याची दोन अंगे झाली. शाळा, वसतिगृहे, दवाखाने. डहाणूच्या इस्पितळाशी डॉ. बार्बरा निकी यांचे नाव निगडित आहे. हिवतापाने पोखरलेल्या त्या जंगलपट्टीत, जेथे बाळंतपण म्हणजे भगताच्या हवाली केलेला जीव, तेथे स्त्री डॉक्टर असणे याचा अर्थ वाचकांतील माताभगिनींना सांगावा लागणार नाही.

वारली समाज मात्र बहुसंख्येने आपल्या हिरव्या देवाशी, वाघदेवाशी आणि कणसरीशीच राहिला. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला जात राहिला. औषध घेतले, अक्षर घेतले, धर्म घेतला नाही. धर्मांतराच्या हेतूनेच सारे काही केले, असे म्हणणाऱ्यांनी याकडेही पाहावे. अर्थात हे मिशनरी धर्म सांगायलाच आले होते, हेही तितकेच खरे, आणि ते त्यांनी लपवले नाही.

येथे एक प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. वारल्याचे खरे दुखणे हिवतापाहून खोल होते. जमीन सावकाराकडे गेलेली, वेठ कपाळी लिहिलेली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही ‘लग्नगडी’ होऊन जमीनदाराच्या घरी राबणारी. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांचा आदिवासींच्या स्थितीवरील अहवाल १९३९ सालचा. ठाणे जिल्ह्यातील हा अन्याय त्यात नोंदला गेला. वेठ मोडली ती १९४५ साली, किसान सभेच्या लाल बावट्याखाली, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वात. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड व त्याचे साथी मारले गेले. शांतिवादी मंडळीने शस्त्र धरले नाही, हे त्यांच्या श्रद्धेला धरूनच होते. पण जखम बांधणे आणि जखम करणाऱ्याचा हात धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिशनांनी केली. दुसरी मुख्यतः इतरांनी केली. हे म्हणताना आम्ही आपल्या कॅथलिक मिशनलाही वगळत नाही.

तरीही या मंडळीला केवळ मलमपट्टी करणारी म्हणणे अन्यायाचे होईल. स्पेनच्या यादवीत मुलांना दूध वाटताना डॅन वेस्ट या त्यांच्या शेतकऱ्याला वाटले, की पेलाभर दूध किती दिवस पुरणार? त्यापेक्षा गाय द्यावी. १९४४ साली पोर्तो रिको बेटावर कालवडींची पहिली खेप गेली. ज्याला कालवड मिळेल त्याने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजूला द्यायची, ही एकच अट. आज ‘हेफर इंटरनॅशनल’ नावाने जगभर चालणाऱ्या कार्याचा उगम तो. घेणाऱ्याला देणारा करायचे, ही युक्ती कोणा शेतकऱ्यालाच सुचावी!

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांतली एक ब्रदरन. तोवर सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावरील आदेश काढलेला होता, त्यामुळे आपल्याकडेही या घटनेकडे आस्थेने पाहिले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी बालस्नानसंस्कार नाकारून नदीची वाट धरली, त्यांच्या वंशजांनी बालकांना व प्रौढांना, दोघांनाही स्नानसंस्कार देणारी एकच मंडळी स्वीकारली. ज्यांना बिशप नको होते, त्यांनी बिशपांचे नेतृत्व मानले. ऐक्याची किंमत अशी द्यावी लागते.

सर्वांना ती देववली नाही. काही जण पुढे बाहेर पडले, आम्हीच मूळ ब्रदरन असे म्हणू लागले, आणि मिशनच्या इमारती व जमिनी कोणाच्या यावरून तंटा पेटला. खालच्या न्यायालयांपासून तो वर चढत गेला. भावाने भावावर फिर्याद करू नये म्हणणाऱ्यांची तिसरी-चौथी पिढी वर्षानुवर्षे वकिलांच्या पायऱ्या चढत राहिली. अखेर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : १९७०चे विलीनीकरण कायद्याने वैध नाही, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे मालमत्तेचे वारस ठरत नाही. निकालपत्रावर दोन्ही पक्षांची नावे नोंदलेली आहेत. एडर नदीतल्या त्या पहिल्या माणसाचे तेवढे कोठेच नाही.