बॅरिस्टरांची सही

आमचे आजोबा शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे. लाल बावटा खांद्यावर घेऊन नारायण नागू पाटलांच्या सभेला चालत गेलेली पिढी. अंतुल्यांना त्यांनी जन्मात मत दिलं नाही आणि अंतुल्यांच्या सगळ्यात जास्त गोष्टी आम्हाला सांगितल्या त्यांनीच. रात्री जेवणं झाली की पडवीत सुपारी कातरत बसायचे. विषय भाताचा असो की भावकीचा, फिरून फिरून गाडी 'बॅरिस्टर' या शब्दावर यायचीच. म्हसळा-श्रीवर्धनच्या पट्ट्यात अब्दुल रहमान अंतुले असं पूर्ण नाव कोणी घेत नसे. बॅरिस्टर म्हटलं की पुरे.

आंबेत हे त्यांचं गाव सावित्रीच्या काठी आहे. पलीकडे रत्नागिरी जिल्हा, अलीकडे तेव्हाचा कुलाबा. लहानपणी आम्ही ऐकलेली पहिली गोष्ट खाडीची होती. भरतीची वेळ चुकली की माणूस काठावर अडकायचा. बाळंतीण असो, आजारी असो, होडीवाल्याच्या मर्जीवर सगळं. पुढे आंबेत-म्हाप्रळ पुलावरून एसटी जाऊ लागली आणि त्या पुलाचं श्रेय म्हातारी माणसं एकमुखानं बॅरिस्टरांना देतात. रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं स्वप्नही त्यांचंच, असं सांगतात. सगळ्या खाड्यांवर पूल टाकून कोकणची किनारपट्टी एका रस्त्यावर आणायची! आजोबा म्हणायचे, "खाडीच्या काठावर अडकलेल्या माणसालाच असं सुचतं." शेकापवाल्याच्या तोंडून एवढं म्हणजे फारच झालं.

लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आलेला हा माणूस 1962 ते 1976 विधानसभेत होता, मग राज्यसभेत गेला. 1977 ला इंदिरा गांधी हरल्या. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली तेव्हा महाराष्ट्रातले मोठमोठे पुढारी दुसऱ्या बाजूला गेले. अंतुले बाईंच्या बाजूला राहिले. त्याचं फळ 1980 मध्ये मिळालं. फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं, निवडणुका झाल्या आणि 9 जूनला अंतुले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. आमच्या शेजारचे सारंगचाचा तेव्हा बोटीवर होते. त्यांना ही बातमी परदेशातल्या बंदरात कळली. गावात कोणी काय केलं ते त्यांना परत आल्यावर ऐकायचं होतं. "हिंदूंनीच पेढे आधी वाटले," असं त्यांना सांगितलं गेलं आणि तेही मरेपर्यंत तेच सांगत राहिले. आजोबा मात्र बारीक हसून म्हणायचे, "पेढे काँग्रेसवाल्यांनी वाटले. आम्ही खाल्ले."

मुख्यमंत्रीपद मिळालं ते जेमतेम दीड वर्ष. पण त्या दीड वर्षात जे झालं त्यातलं निम्मं अजून चालू आहे.

माझी आत्या ऐन तिशीत विधवा झाली. दोन पोरं, सासरी जमीन नाही, माहेरी भाऊ मुंबईच्या गिरणीत. संजय गांधी निराधार अनुदान योजना आली तेव्हा तिच्या गावच्या तलाठ्याला ती काय आहे हे नीट माहीत नव्हतं. आत्यानं दाखले गोळा केले, नवऱ्याच्या मृत्यूचा, उत्पन्नाचा, पोरांच्या वयाचा. तहसीलला तीन खेपा मारल्या की पाच, यावर ती आणि काकू नेहमी भांडायच्या. शेवटी एक दिवस पोस्टमन आला आणि त्यानं अंगठा घेऊन हातावर पैसे ठेवले. रक्कम लहान होती. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे हात न पसरता तिच्या हातात पैसे आले होते. ती त्याला 'माझा पगार' म्हणायची. योजनेला नाव संजय गांधींचं, कारण ते 1980 च्या 23 जूनला विमान अपघातात गेले होते. आत्याच्या लेखी देणारा बॅरिस्टरच. योजना आजही चालू आहे, तहसीलच्या बाहेर तशाच बायका कागदांची पिशवी घेऊन बसलेल्या दिसतात.

1 जानेवारी 1981 ला कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं. त्याच वर्षी 1 मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना असे दोन जिल्हे निघाले. लंडनहून शिवाजी महाराजांची भवानी तलवार आणण्याची घोषणाही झाली. ती तलवार काही आली नाही. जिल्ह्यांची नावं मात्र राहिली. शेतकऱ्यांची कर्जमाफीही याच काळातली. या सगळ्याची आजोबांनी सांगितलेली रीत एकच होती: अर्ज हातात घेतला, वाचला, शेरा मारला, खाली सही. सचिव नंतर बघतील, वित्त विभाग नंतर बघेल. "बॅरिस्टरांची सही म्हणजे हुकूम," असं म्हणताना त्यांच्या आवाजात कौतुक असे, आणि त्या कौतुकाचा त्यांना स्वतःलाच थोडा रागही येई.

माझं म्हणणं एवढंच, की अंतुले उभे राहिले ते याच सहीवर आणि बुडाले तेही याच सहीनं. त्यांचं चांगलं एका खात्यात आणि वाईट दुसऱ्या खात्यात असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ती मांडणी पटत नाही.

1981 च्या जुलैतली गोष्ट घ्या. 13 तारखेला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. भर पावसाळ्यात. तामिळनाडूतल्या सेलमहून आलेल्या एका मजुराची झोपडी पाडून त्याला बसमध्ये बसवून परत धाडलं गेलं. तो पोटासाठी पुन्हा मुंबईत आला आणि त्याचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कायमचं गेलं. ओल्गा टेलिस खटला तो हाच. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. तरी फुटपाथ मोकळे करायला परवानगी दिलीच, फक्त पावसाळ्यानंतर. माझ्या आत्याला निराधार म्हणून पैसे देणारी सही आणि निराधारांना बसमध्ये घालणारा हुकूम एकाच टेबलावरून निघाले होते. गिरणीतला काका तेव्हा लालबागेत गावच्या मंडळाच्या खोलीत वीस जणांबरोबर राहत होता. तो म्हणे, "खोली नसती तर बॅरिस्टरांनी आम्हालाही म्हसळ्याच्या गाडीत बसवलं असतं."

आणि मग सिमेंट.

आजच्या पोरांना सिमेंटचं राजकारण समजावून सांगावं लागतं. तेव्हा सिमेंटचा भाव सरकार ठरवायचं, वाटप सरकार करायचं. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. पुढच्या पडवीवर स्लॅब टाकायचा वडिलांचा बेत होता. अर्ज दिला, नकाशा दिला, परमिट निघायला महिने गेले आणि निघालं ते मागणीच्या अर्ध्याहून कमी. उरलेलं काळ्या बाजारात दुप्पट-तिप्पट भावानं मिळे. ते परवडेना. सळ्या पावसात गंजत उभ्या राहिल्या, त्यांवर आई कपडे वाळत घालायची. आमची ही गोष्ट पोत्यांची. मुंबईच्या बिल्डरांची टनांची होती आणि नियंत्रित भाव नि बाजारभाव यांतल्या फरकात त्यांचा सगळा जीव.

1981 च्याच 31 ऑगस्टला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा त्याचा विषय. अंतुल्यांनी उभारलेल्या ट्रस्टमधला हा सगळ्यात गाजलेला. आरोप असा, की ट्रस्टला देणगी दिली की बिल्डरला सिमेंटचा कोटा मिळे आणि साखर कारखान्यांकडून टनामागे पैसे घेतले जात. प्रतिष्ठानचा हेतू साहित्य-कलेला मदत करण्याचा होता. लेखक-कलावंतांच्या मदतीचे पैसे सिमेंटच्या परमिटातून उभे करण्याची कल्पना कोणत्याही विनोदी लेखकाला सुचली नसती. संसदेत गदारोळ झाला. बाईंच्या नावामुळे प्रकरण दिल्लीला थेट भिडलं होतं.

प्रा. पु. बा. सामंत आणि मृणाल गोरे उच्च न्यायालयात गेले. 12 जानेवारी 1982 रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला: देणगी आणि सिमेंट यांचा संबंध होता. अंतुल्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. काका सांगायचा, की खोलीत रेडिओभोवती सगळे जमले होते, कोकणातले निम्मे रडवेले, बाकीचे निम्मे "बरं झालं" म्हणत. आठवडा संपला नाही तोच, 18 तारखेला, दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि त्या खोलीतल्या कोणाला बॅरिस्टरांची चिंता करायला वेळ उरला नाही. काका वर्षभरानं गावी आला तो कायमचा. फेब्रुवारीच्या अखेरीस केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं. आमचा स्लॅब त्यानंतर पडला.

मी वकिली शिकायला गेलो तेव्हा बॅरिस्टर मला पुन्हा भेटले, पुस्तकात. रामदास नायक यांनी याच आरोपांवरून केलेल्या तक्रारीतून निघालेला खटला सर्वोच्च न्यायालयात एवढ्या वेळा गेला, की फौजदारी कायद्याचा अर्धा अभ्यास आंबेतच्या माणसावर होतो की काय असं वाटावं. 1984 ला पाच न्यायमूर्तींनी म्हटलं, की आमदार हा दंडविधानाच्या अर्थानं 'लोकसेवक' नाही, तेव्हा खटल्याला त्या नात्यानं परवानगी लागत नाही. शिवाय खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला. 1988 ला सात न्यायमूर्ती बसले आणि बहुमतानं म्हणाले, की हे वर्ग करणंच चुकलं. 1952 च्या कायद्यानं असे खटले विशेष न्यायाधीशांपुढेच चालायला हवेत. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचीच चूक दुरुस्त केली, ती एका माजी मुख्यमंत्र्याच्या अर्जावर. नंतर याच खटल्यातून जलद सुनावणीच्या हक्काची तत्त्वं ठरली. सही करताना कोणत्याही प्रक्रियेची वाट न पाहणाऱ्या माणसाच्या नावावर प्रक्रियेचे एवढे निकाल जमा व्हावेत! फौजदारी खटल्यात त्यांना शिक्षा कधी झाली नाही. सारंगचाचांना मी हे सगळं सविस्तर समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सुटले ना?"

लोकांनी त्यांना सोडलं नव्हतं. 1989, 1991, 1996 असे तीनदा ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले, नरसिंह रावांच्या सरकारात आरोग्यमंत्री झाले. मधल्या दोन निवडणुका शेकापच्या रामशेठ ठाकूर यांनी जिंकल्या. आजोबा ते पाहायला नव्हते याचं मला वाईट वाटतं. 2004 ला बॅरिस्टर पुन्हा निवडून आले आणि 2006 मध्ये अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले.

डिसेंबर 2008 मधलं ते वक्तव्य मात्र मला कधी समजून घेता आलं नाही. 26 नोव्हेंबरच्या मुंबईवरच्या हल्ल्यात दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे शहीद झाल्याला महिनाही झाला नव्हता. करकरे कामा रुग्णालयाकडे का गेले, त्यांना तिकडे कोणी पाठवलं, असा प्रश्न अंतुल्यांनी उभा केला आणि तो करकरेंकडे असलेल्या मालेगाव स्फोटाच्या तपासाशी जोडला. कागद हातात नसताना, पुरावा नसताना. लोकसभेत वादळ उठलं, राजीनाम्याची तयारी दाखवली गेली. गृहमंत्री चिदंबरम यांनी सभागृहात शंका निराधार ठरवल्यावर त्यांनी विषय संपवला. वकील म्हणून मी एवढंच म्हणेन, की एवढा जाणता बॅरिस्टर पुराव्याशिवाय असं बोलतो तेव्हा त्याला सवलत देता येत नाही. आमच्या गावातही दिली गेली नाही. सारंगचाचांच्या मुलानं टीव्ही बंद केला, असं त्यानंच मला सांगितलं.

2009 ची निवडणूक फेररचना झालेल्या मतदारसंघांत झाली. कुलाबा हे नाव लोकसभेच्या नकाशावरून गेलं आणि रायगड आलं, म्हणजे अंतुल्यांनी जिल्ह्याला 28 वर्षांपूर्वी दिलेलं नाव. त्या नावानं झालेल्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेच्या अनंत गीते यांनी त्यांना हरवलं. 2 डिसेंबर 2014 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दफन आंबेतला झालं.