तिळाला दिलेला गंध

सुगंधी तेलाचा इतिहास बहुधा दरबारात नेऊन बसवला जातो. अत्तरदाण्या, गुलाबपाणी, राजांचे शौक एवढेच मग लक्षात राहते आणि त्यामागची कारागिरी दिसेनाशी होते. जुने ग्रंथ मात्र वेगळे सांगतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. मंजिष्ठा, व्याघ्रनख, दालचिनी, कोष्ठ अशा द्रव्यांचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापवले की तेलाला चाफ्याचा वास येतो, असे तो सांगतो. या कृतीत चाफ्याचे एकही फूल नाही. गंधाची घडण उलगडून ती दुसऱ्या द्रव्यांतून पुन्हा उभी करणे हे नुसत्या शौकाचे काम नव्हे, त्यासाठी वर्षानुवर्षे केलेली पारख लागते.

फुलांचे तेल करण्याची रीतही तशीच विचारपूर्वक बसवलेली होती. फुले कढत तेलात टाकली की नाजूक वास उडून जातो. म्हणून तेलाऐवजी तिळालाच गंध देत. सोललेल्या तिळांचे आणि ताज्या फुलांचे थर एकावर एक रचायचे, कोमेजलेली फुले काढून नवी घालायची, आणि तीळ पुरते सुवासित झाले की मगच ते घाण्याला लावायचे. मोगरा आणि जाई तोडल्यावरही काही तास दरवळत राहतात आणि तिळातला स्नेह तो दरवळ धरून ठेवतो. वाळा, नागरमोथा यांची गोष्ट निराळी. ही मुळे आपला गंध सहजी सोडत नाहीत, त्यांना ऊन किंवा मंद आच द्यावी लागते. गंगाधराच्या ‘गंधसार’ या गंधशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया वेगवेगळ्या सांगितल्या आहेत, त्या द्रव्याद्रव्यातला हा फरक ओळखूनच.

यावर कोणी म्हणेल, हे सारे पंडितांनी राजांसाठी लिहिले. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त अभ्यंगाच्या सुगंधी तेलाचे वर्णन आहे, तो तर राजाचाच ग्रंथ. हे खरे आहे. पण ‘गंधवाद’ या याच विषयावरच्या संस्कृत ग्रंथावर मराठी टीका आहे. भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा ठरवला. संस्कृत जाणणाऱ्या पंडिताला मराठी टीका कशाला हवी? ती हवी होती प्रत्यक्ष द्रव्ये हाताळणाऱ्याला. एवढ्यावरून घरोघरी फुलेल, म्हणजे फुलांचे सुगंधी तेल, होत असे, असे मात्र म्हणता येणार नाही. फुले फार लागत आणि गरिबाच्या अंगाला साधेच तेल लागे. पण तेल कोण वापरी आणि ते करण्याची विद्या कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ही विद्या फुले वेळेवर खुडणाऱ्या माळ्याची, घाणा चालवणाऱ्या तेल्याची आणि द्रव्ये पारखणाऱ्या गांध्याची होती.

‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९८९ साली छापले. मराठी विद्यापीठांनी आता वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वैद्य यांना एकत्र बसवून ‘गंधवादा’वरच्या मराठी टीकेतले एकेक द्रव्य ओळखावे आणि कृती करून पाहाव्यात.