पहिली कयाक: तीन वाव आणि दोन मुठी

मंडळी, घोडेगावात होडीवर व्याख्यान म्हटल्यावर काहीजण हसले, ते मी पाहिलं. इथला बाजार जनावरांचा आणि कांद्याचा. पाणी म्हणाल तर विहिरीचं आणि पाटाचं. पण मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर इथल्याच दोघा तरुणांनी मला गाठलं. दोघं पळतात, सायकल चालवतात. आता पळणं, सायकल आणि कयाक अशा तिहेरी शर्यतीत उतरायचं त्यांच्या मनात आहे. त्यांचा प्रश्न साधा होता: पहिली कयाक कोणती घ्यावी? मी इतिहासाचा माणूस, तेव्हा उत्तर इतिहासातूनच देतो.

ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यांवर शिकारी लोकांनी कयाक घडवली. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. ते कातडं शिवायच्या बायका. शिवण उसवली तर माणूस परत येण्याची खात्री नसे. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे माप. लांबी साधारण त्या माणसाच्या तीन वाव. वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांमधलं अंतर. आपले जुने लोक विहिरीची खोली मोजायचे तेच. आणि बसायच्या जागेची रुंदी म्हणजे कंबर अधिक दोन मुठी. म्हणजे बघा, होडी अंगाला बेतलेली असे, सदऱ्यासारखी. एकाची कयाक दुसऱ्याला नीट बसत नसे.

हे माप पुढे सुटत गेलं. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाचा वकील 'रॉब रॉय' नावाची छोटी होडी घेऊन युरोपातल्या नद्या फिरला. पंधरा फूट लांब आणि अठ्ठावीस इंच रुंद. प्रवासाचं त्याचं पुस्तक गाजलं आणि शिकाऱ्याचं वाहन साहेबाच्या हौसेचं झालं. १९०५ मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख या विद्यार्थ्यानं घडीची कयाक बनवली. १९०७ मध्ये रोझेनहाइमचा शिंपी योहान क्लेपर याने तिचे हक्क घेऊन कारखाना काढला. गंमत बघा, शिंपी आला आणि अंगाचं माप गेलं! आता होडी दुकानात तयार मिळू लागली आणि माणसानं होडीत मावायचं, असा उलटा हिशेब सुरू झाला.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती आल्या. लांब आणि अरुंद होडी पाणी कमी अडवते, म्हणून वेगानं जाते. पण रुंदी कमी झाली की ती डुलते. एकट्याच्या कयाकला किमान ५१ सेंटिमीटर रुंदीचा नियम होता. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकनंतर तोही उठला आणि होड्या आणखी निमुळत्या झाल्या. कसलेल्या खेळाडूला ते परवडतं. त्याचा तोल अंगात मुरलेला असतो.

आता तिहेरी शर्यतीकडे येऊ. न्यूझीलंडमध्ये १९८३ पासून रॉबिन जडकिन्स याने सुरू केलेली 'कोस्ट टू कोस्ट' शर्यत होते. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे २४० किलोमीटर. त्यातले सुमारे ७० किलोमीटर वायमाकारिरी नदीत, कयाकमधून. तिथं वाहत्या पाण्यात कयाक चालवता येते असा दाखला लागतो. का? कारण धावून, सायकल मारून दमलेला माणूस होडीत बसतो. पाय थरथरत असतात. अशा वेळी वेगवान पण डुलणारी होडी वेळ वाचवत नाही. एकदा उलटली की पाणी उपसण्यात जातो तो वेळ कशानं भरून काढणार?

मी हे पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका धरणाच्या फुगवट्यात मी मित्राची अरुंद शर्यतीची कयाक मागून घेतली. पोहता येतं म्हणून जीवरक्षक जॅकेट काठावर ठेवलं. दुपारी वारा सुटला, मी उलटलो. होडीच्या टोकांत हवेच्या पिशव्या नव्हत्या, ती अर्धी बुडाली. मासेमारी करणाऱ्या एका माणसानं मला ओढून काढलं. तो टायरच्या ट्यूबवर बसला होता. त्याची ट्यूब माझ्या होडीपेक्षा शहाणी निघाली.

आपल्याकडेही होडी पाण्याप्रमाणे ठरत आली. सुके भोपळे एकत्र बांधून नदी ओलांडायची ती सांगड. 'सांगड घालणं' आपण अजून म्हणतो. कृष्णाकाठी पुरात गुळाची काहीलसुद्धा होडी झाली. आपल्या नेवासा तालुक्याला मोठं पाणी दिलं ते पैठणच्या धरणानं. १९६५ साली शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, आणि शेतांवर नाथसागर पसरला. २०२३ मध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलवर बसून शाळेत जातात, ही बातमी वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आपण हौसेनं पाण्यात उतरतो, ती मुलं नाइलाजानं. हे विसरून चालणार नाही.

तर त्या दोघांना माझं उत्तर. पहिल्यांदा औत धरणाऱ्या पोराला कुणी शर्यतीचा बैल घेऊन देत नाही. पहिली कयाक साधारण पाच-साडेपाच मीटर लांब, ५५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद घ्या. विकत घेण्याआधी तीत बसा. कंबरेला दोन्ही बाजूंनी मूठभर जागा हवी, पाय आधाराला टेकायला हवेत. मग काठाजवळ, जॅकेट घालून, वल्हं आडवं ठेवा आणि बाटलीतलं पाणी प्या. मागे वळून बघा. तोल गेला तर ती होडी अजून तुमची नाही. मुद्दाम उलटून परत चढून बघा. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे किंवा पिशव्या आहेत का ते पाहा. सुकाणू दिशा देतं, तोल देत नाही. खडकाळ नदी असेल तर प्लॅस्टिकची जड होडी बरी. ती आपटली तरी सहसा तडकत नाही. जुनी घेताना सांधे आणि सुकाणूची तार तपासा. आणि नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. परवानगी विचारल्याशिवाय उतरू नका.

वेग दुसऱ्या होडीत येईल. पहिल्या होडीचं काम एकच: तुम्हाला दुसऱ्या होडीपर्यंत जिवंत पोचवणं. बाजारात जनावर पाहताना आपण दात बघतो. होडी पाहताना आधी स्वतःची कंबर बघा.