हँग होणे, लॅपटॉपचे

चालू लॅपटॉपने काही सेकंद ते काही मिनिटे कीबोर्डला वा माउसला अजिबात दाद न देणे आणि मग जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा कामाला लागणे, याला बोलीत ‘हँग होणे’ म्हणतात. ‘अटकतो’, ‘मधेच गोठतो’ असेही लोक सांगतात. मेन्यू रेंगाळणे हा याच दोषाचा सौम्य अवतार. राइट क्लिक केले की यादी उघडायला तीन-चार सेकंद जातात, स्टार्टचे बटण दाबून वाट पाहावी लागते. जो लॅपटॉप सदासर्वदा संथ आहे त्याचे कारण बहुधा उघड असते, जुना प्रोसेसर किंवा तुटपुंजी रॅम. प्रस्तुत नोंद मधूनच उपटणाऱ्या आणि दुकानात नेल्यावर हमखास नाहीशा होणाऱ्या दोषाविषयी आहे. येथील तपशील प्रामुख्याने विंडोजचे आहेत.

हँग झालेला लॅपटॉप कामात बुडालेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. बऱ्याचदा चित्र उलटे असते. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो आणि कोणाच्या तरी उत्तरासाठी ताटकळत असतो. हे उत्तर डिस्ककडून यायचे असेल, बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हकडून यायचे असेल, नाहीतर ग्राफिक्स चिपकडून. तेव्हा दोष शोधणे म्हणजे लॅपटॉप कोणाची वाट पाहतो आहे ते शोधणे. ‘स्पीड वाढवून देतो’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरे नेमका हाच प्रश्न विचारत नाहीत. उलट वाट पाहायला लावणाऱ्यांत आणखी एकाची भर घालतात.

वाट किती मोठी असते याची कल्पना आकड्यांवरून येते. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला सुमारे १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यालाच ११ मिलिसेकंद हवेत. रॅमचे एक वाचन एका सेकंदाचे मानले, तर एसएसडीचे सुमारे १७ मिनिटांचे आणि हार्ड डिस्कचे एका दिवसाहून अधिक काळाचे होते.

माणसाच्या बाजूचा हिशेबही ठरलेला आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली संगणकाच्या प्रतिसादवेळेवर निबंध लिहिला. पुढे जेकब निल्सन यांनी १९९३च्या पुस्तकात तीन मर्यादा रूढ केल्या : ०.१ सेकंदापर्यंत उत्तर तत्काळ वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडते. विंडोज ५ सेकंद थांबते. तेवढ्या वेळात खिडकीने एकही संदेश उचलला नाही, तर ती पांढुरकी होते आणि शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटते. तेव्हा समोर दिसते ती मूळ खिडकी नसते. तिच्या जागी विंडोजने उभी केलेली हुबेहूब छाया असते. उपमेन्यू उघडण्यापूर्वीचा ४०० मिलिसेकंदांचा विलंब मात्र मुद्दाम ठेवलेला आहे. रजिस्ट्रीत ‘मेन्यूशोडिले’ या नावाने तो सापडतो आणि कमीही करता येतो. मेन्यू झटपट उघडल्याचे समाधान त्याने मिळते, पण मूळ दुखण्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

लक्षणे : नुसते ‘हँग होतो’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. एकच खिडकी पांढुरकी होते आणि बाकी सगळे चालते, तेव्हा दोष त्या प्रोग्रॅमचा. बाण हलतो पण टास्कबार, फाइलींच्या खिडक्या आणि डेस्कटॉप तिन्ही मुके होतात, तेव्हा संशय डिस्कवर किंवा ‘एक्सप्लोरर’वर घ्यावा, कारण ही तिन्ही कामे तोच करतो. बाण गोठला आणि स्पीकरमधून गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहिला, तर प्रकरण ड्रायव्हरचे किंवा हार्डवेअरचे. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर विंडोजने ग्राफिक्स चिपला पुन्हा सुरू केले असे समजावे. चिपने २ सेकंदांत उत्तर दिले नाही की विंडोज तसे करते. हे काम विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून हातानेही करता येते. एक जुनी चाचणी आजही उपयोगी पडते : गोठलेल्या लॅपटॉपची कॅप्स लॉक कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर आत धुगधुगी आहे, थांबून पाहावे. दिवाही ढिम्म असेल तर पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही.

डिस्क : मधूनमधून गोठणाऱ्या लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी हिची झडती घ्यावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’मधली डिस्क उघडी ठेवून नेहमीचे काम करावे. लॅपटॉप अडखळेल त्या घटकेला तिथले आकडे पाहावेत. प्रोसेसर ४ टक्के, डिस्क १०० टक्के, वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम काही किलोबाइट आणि सरासरी प्रतिसादवेळ हजारो मिलिसेकंद असे दृश्य दिसले, तर चोर सापडला. डिस्क राबत नसते. एकच खराब सेक्टर पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते. तो वाचून होईपर्यंत किंवा ती नाद सोडेपर्यंत बाकीचे सगळे तिच्या दारात खोळंबतात.

डिस्क स्वत:ची प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात लिहून ठेवते. जपानमध्ये तयार झालेले ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर तो दाखवते. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल गंभीर. हार्ड डिस्कच्या तक्त्यात ०५ या क्रमांकाची ओळ बदली केलेले सेक्टर मोजते, सी-५ ही ओळ वाचता न येणारे, निकाल न लागलेले सेक्टर. मधूनच होणाऱ्या हँगच्या दृष्टीने सी-५ अधिक बोलकी आहे. सी-७ वाढत असेल तर डिस्क निर्दोष असून तिची रिबनसारखी चपटी केबल सैल किंवा खराब असण्याची शक्यता मोठी. शे-दोनशे रुपयांच्या केबलसाठी चांगली डिस्क फेकून दिली जाते ती इथेच. या तक्त्यातले आकडे मुळात सोळाच्या पायावर लिहिलेले दिसतात, त्यामुळे शेवटी ‘००ए’ असेल तर ते दहा असतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही माग राहतो. क्रमांक १२९ म्हणजे डिस्कने मुदतीत उत्तर दिले नाही म्हणून तिला रीसेट करावे लागले, १५३ म्हणजे वाचन वा लेखन पुन्हा करावे लागले, ७ म्हणजे खराब सेक्टर. नोंदीची वेळ आणि हँगची वेळ जुळली की आणखी पुरावा लागत नाही. अशा वेळी आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवावीत, बाकीचे सगळे नंतर.

एसएसडी टाकली म्हणजे सुटलो, असेही नाही. २०१२च्या जानेवारीत क्रूशिअल कंपनीने आपल्या ‘एम-४’ एसएसडीसाठी दुरुस्त फर्मवेअर दिले. त्यातला दोष असा : डिस्क एकूण ५,१८४ तास चालली की ती अचानक निरुत्तर होई. बंद करून चालू केले की ठीक, पण तासाभराने पुन्हा तेच. ५,१८४ तास म्हणजे बरोबर २१६ दिवस. ज्याचा लॅपटॉप रोज आठ तास चाले, त्याला पावणेदोन वर्षे काहीही जाणवले नसणार.

रॅम : रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातली पाने डिस्कवर ठेवते आणि लागली की परत आणते. ही ने-आण कामाच्याही वर गेली की मग चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेची, म्हणजे थ्रॅशिंगची, कारणमीमांसा केली. ४ जीबी रॅम, ब्राउझरचे वीस टॅब आणि जोडीला व्हिडिओ कॉल एवढे भांडवल त्याला पुरते. याउलट सदोष रॅम लॅपटॉपला सहसा रेंगाळवत नाही, ती त्याला एकदम पाडते. रॅम तपासणारे मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवले की निकाल लागतो.

फर्मवेअर : सगळे घटक धडधाकट आणि तरीही लॅपटॉप क्षणभर अडखळतो, याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण एएमडीचे आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक लागतो. एएमडीचा रायझन प्रोसेसर असलेल्या अनेक संगणकांत तो वेगळी चिप नसून फर्मवेअरमध्ये बसवलेला असतो. त्याची नोंदवही मदरबोर्डवरील छोट्याशा फ्लॅश चिपमध्ये असते. त्या चिपशी व्यवहार लांबला की सगळा संगणक तेवढा वेळ थबके, आवाज तुटे, बाण अडके. एएमडीने मार्च २०२२मध्ये हे मान्य केले आणि मेपासून नवे बायोस उपलब्ध होतील असे सांगितले. टास्क मॅनेजरमध्ये या दोषाचा मागमूस लागत नाही. त्यामुळे उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचे नवे बायोस आहे का, हे पाहण्याचे काम अगदी शेवटासाठी ठेवू नये.

मेन्यू : राइट क्लिकची यादी विंडोज एकटे तयार करत नाही. झिप करणारे सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, क्लाउड, ग्राफिक्सचा ड्रायव्हर असे अनेकजण तिच्यात आपापली ओळ घुसवतात. यादी उघडण्याआधी एक्सप्लोरर प्रत्येकाला ‘तुझे काही आहे का?’ असे विचारत जातो. लग्नाच्या यादीवर घरातल्या प्रत्येकाची नजर फिरल्याशिवाय ती छापायला जात नाही, तशातला प्रकार. एकजण जरी रेंगाळला तरी अख्खी यादी रेंगाळते. २०२१च्या विंडोज ११मध्ये म्हणूनच छोटी यादी पुढे आली आणि जुनी मागे ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली गेली. छोटी यादी पटकन येते आणि जुनी अडखळते असे दिसले, की दोष घुसखोरांत आहे हे ठरले. ‘शेलएक्सव्ह्यू’ हे मोफत साधन त्यांची यादी देते आणि मायक्रोसॉफ्टबाहेरच्यांना गुलाबी रंगात दाखवते. त्यातले निम्मे बंद करावेत, मेन्यू सुधारला तर दोष त्या निम्म्यात, नाही सुधारला तर उरलेल्यांत. मग त्या संशयित निम्म्याचे पुन्हा निम्मे. चाळीस घुसखोर असले तरी पाच-सहा फेऱ्यांत नेमका सापडतो.

याहून साधे आणि म्हणूनच नजरेतून सुटणारे कारण म्हणजे ‘झेड’ ड्राइव्ह. जुन्या नोकरीत ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेला तो ड्राइव्ह घरी आल्यावरही ‘धिस पीसी’मध्ये लाल फुलीसह पडून असतो. फाइल उघडताना वा सेव्ह करताना विंडोज त्या सर्व्हरला हाक मारते आणि पलीकडे कोणीच नसल्याने वेळ संपेपर्यंत थांबते. बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर वर्डमध्ये अशीच खोळंबाखोळंबी घडवतो. दोन्ही काढून टाकायला मिनिटभरही लागत नाही.

उष्णता : अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत वापरासाठी खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे म्हटलेले असते. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास असतो. आतल्या तापमानाची मर्यादा गाठली की (इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ती १०० अंश) प्रोसेसर स्वत:चा वेग उतरवतो, थंड झाला की चढवतो. हँगपेक्षा ही भरती-ओहोटी असते. पंख्याची जाळी ब्रशने साफ करणे, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलणे आणि लॅपटॉप गादीवरून उचलणे एवढे पुरते.

‘फॉरमॅट मारून देतो’ हे दुकानातले आवडते औषध. बिघडलेल्या सॉफ्टवेअरवर ते लागू पडतेही. पण त्यात इव्हेंट व्ह्यूअरमधले सगळे पुरावे पुसले जातात आणि डिस्क आजारी असेल तर आठ दिवस बरे वाटून दुखणे परत येते. त्याआधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे हँगची तारीख, वेळ आणि त्या वेळी चालू असलेले काम आठवडाभर कागदावर लिहिणे. मग रिलायबिलिटी मॉनिटर उघडावा. त्यात दिवसागणिक रकाने आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते. लॅपटॉप सेफ मोडमध्ये निर्वेध चालला तर ड्रायव्हर किंवा नंतर टाकलेली सॉफ्टवेअरे संशयित. तिथेही अडखळला तर स्क्रूड्रायव्हर काढायला हरकत नाही.

दुकानात दोष दिसत नाही याचे कारण बरेचदा घरी राहिलेले असते. गादी घरी, दुकानात एसी. आणि मुख्य म्हणजे चार्जर. काही कंपन्यांचे लॅपटॉप आपला चार्जर एका बारीक पिनेवरून ओळखतात. ती वाकली किंवा चार्जर बाजारातला स्वस्त असला, की ओळख पटत नाही आणि प्रोसेसर ०.८ गिगाहर्ट्झ किंवा त्याहूनही खाली बांधला जातो. टास्क मॅनेजरमधला ‘स्पीड’चा आकडा तिथेच खिळलेला दिसतो, चार्जर काढताच वर उडी घेतो. दुरुस्तीवाला स्वत:चा चार्जर लावतो आणि लॅपटॉप ठणठणीत चालतो. म्हणून लॅपटॉप दाखवायला नेताना त्याचा नेहमीचा चार्जर, नेहमी टोचलेला यूएसबी हब आणि तो वेळांचा कागद बरोबर न्यावा.