मुंग्या विकत घेणारी माणसं

आज आपण मुंग्यांबद्दल बोलणार आहोत. साखरेच्या डब्यातल्या नाही, झाडावरच्या. पानाला पान चिकटवून नारळाएवढं घरटं करणाऱ्या आणि हात लागला की कडकडून चावणाऱ्या तांबड्या मुंग्या. आपल्या कोकणात कुणी त्यांना ओंबील म्हणतं, कुणी हुमले.

हा विषय निघाला आमच्या गटातल्या एकीच्या परसातल्या पपनसावरून. चतुर्थीच्या माटवीला पपनस काढायला तिचा मुलगा झाडावर चढला आणि अर्ध्यातूनच ओरडत खाली आला. त्याच संध्याकाळी चूड पेटवून घरटी जाळली. सल्ला आम्हीच दिला होता, आणि बघायलाही आम्हीच उभ्या होतो. पुढची पालवी फुटली तेव्हा तिच्यावर पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पडल्या. कोवळ्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. आता फवारणीचा पंप आणू या, असं घरात ठरत होतं. झाडापासून विहीर दहा पावलांवर. तेव्हा तिच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जाळलात ते राखणदार होते."

एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्हालाही कळतं. पण सासूबाईंचं म्हणणं खरं की नुसतं भाबडं, ते बघावं म्हणून आम्ही पुस्तकं उघडली, आणि पोचलो थेट चीनमध्ये.

चीनमध्ये जी हान नावाच्या लेखकाचं दक्षिणेकडच्या झाडाझुडपांवर एक पुस्तक आहे. ते इ. स. ३०४ च्या सुमाराचं मानलं जातं. त्या काळी चिनी राज्याच्या दक्षिण टोकाला, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामात, जिआओझी नावाचा प्रदेश होता. तिथले लोक चटईच्या पिशव्यांत मुंग्या भरून बाजारात विकायला आणत, असं तो लिहितो. पातळ रेशमासारखी घरटी, त्यांना चिकटलेली पानं-डहाळ्या आणि आत मुंग्या. घरट्यासकट विक्री. मुंग्या तांबूस-पिवळ्या आणि नेहमीच्या मुंग्यांहून मोठ्या. या मुंग्या नसतील तर दक्षिणेकडच्या संत्र्यांना कीड लागते आणि एक फळ धड राहत नाही, असंही तो सांगतो.

म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी लोक ज्या मुंग्या पैसे मोजून घरी आणत होते, त्याच आपण चूड लावून जाळतो. एका किड्याकडून दुसऱ्या किड्याचा बंदोबस्त करून घेण्याची, लेखी नोंद असलेली ही जगातली सर्वांत जुनी रीत मानली जाते.

पुढची नोंद ११३० च्या सुमाराची. ग्वांगझोऊ भागात भातशेतीला जमीन कमी, म्हणून लोक संत्र्यांच्या बागा लावत. मुंग्या पकडून विकणं हा तिथे वेगळा धंदाच झाला होता. हे लोक डुकराच्या किंवा मेंढीच्या मूत्राशयाची पिशवी घेत, तिच्यात चरबी भरत आणि तोंड उघडं ठेवून ती घरट्याशेजारी ठेवत. मुंग्या वासानं आत गेल्या की तोंड बांधून पिशवी बाजारात. सतराव्या शतकातल्या वर्णनात आणखी एक युक्ती सापडते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबूच्या काठ्या टाकून मुंग्यांसाठी पूल केलेले. मुंग्यांना जमिनीवर उतरावं लागत नसे, आणि सगळी बाग राखली जाई.

बाहेरच्या जगाला हे फार उशिरा कळलं. १९१५ च्या सुमारास अमेरिकेच्या शेती खात्यातले वॉल्टर स्विंगल संत्र्यावरच्या एका रोगाला दाद न देणारी झाडं शोधत चीनमध्ये गेले. तिथे मुंग्या वाढवून बागाइतदारांना विकणारं एक गाव असल्याचं त्यांना समजलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत ग्रॉफ आणि हॉवर्ड या दोघांनी त्यावर अभ्यास करून लेख प्रसिद्ध केला.

आता मैत्रिणींनो, आमच्या पपनसाची गोष्ट. चीनच्या त्या भागात हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांवरच्या मुंग्या थंडीनं मरत. दर वर्षी नव्या विकत आणाव्या लागत. पण संत्र्यांच्या मध्ये पपनसाची झाडं असली, तर त्यांच्या दाट, रुंद पानांत मुंग्या हिवाळा काढत, असं चिनी अभ्यासकांना पुढे आढळलं. आम्ही जे झाड जाळून मोकळं केलं, ते या मुंग्यांचं थंडीतलं माहेर निघालं!

ही घरटी होतात कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि दोन पानं जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्या बाळ अळ्या तोंडात धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात, मागावरच्या धोट्यासारख्या. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो आणि पानं शिवली जातात. एका झाडावर दहा घरटी दिसली तरी बहुधा कुटुंब एकच असतं, आणि राणी त्यातल्या एकाच घरट्यात.

मग ही रीत मागे का पडली? दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी कीटकनाशकं सगळीकडे पोचली. फवारा मारला की कीड मरायची आणि राखणदारही मरायचे. अलीकडे मात्र शास्त्रज्ञ पुन्हा या मुंग्यांकडे वळले आहेत. ऑस्ट्रेलियात काजू आणि आंब्याच्या बागांत त्यांचे प्रयोग झाले. आफ्रिकेतल्या बेनिन देशात यांच्याच बहिणी शोभतील अशा मुंग्या आंब्यांवर असल्या की फळमाशीचा त्रास कमी होतो, असं दिसून आलं. मुंग्या माशीला पकडतात, शिवाय त्यांचा वास फळावर राहिला तरी माशी तिथे अंडी घालायला कचरते.

पण या मुंग्या देव नव्हेत. पिठ्या ढेकूण आणि खवले किडे गोड चिकटा सोडतात. तो मुंग्यांना आवडतो, म्हणून त्या या किडींना सांभाळतात. चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि पानं काजळी धरल्यासारखी होतात. शिवाय चावा तर आहेच. चावून त्या जखमेत आम्ल सोडतात, म्हणून आग होते. लहान मुलं खेळतात त्या वाटेवर किंवा कपडे वाळत घालतो त्या फांदीवर घरटं असेल, तर ते तिथून काढायलाच हवं.

म्हणून आम्ही आता असं करतो. आधी मुंगी ओळखायची. पानं शिवून घर करणारी असेल तर घाई करायची नाही. पानं उलटून बघायची. पिठ्या ढेकूण फार झाले असतील, तर तेवढीच फांदी छाटून टाकायची. अंगणाकडे, छपराकडे किंवा दोरीकडे आलेल्या फांद्या कापायच्या, म्हणजे मुंग्या आपल्या झाडावरच राहतात. फळं काढायच्या आधी फांद्यांवर पाणी मारायचं आणि हातापायांना चुलीतली राख चोळायची. जमेल तितकी फळं खालूनच आकडीनं काढायची. आणि चिनी लोकांसारखा बांबूचा पूल करायचा झाला, तर दोन्ही झाडांवरचं कुटुंब एकच आहे ना, ते बघायचं. वेगळी कुटुंबं समोरासमोर आली की जिवावर उठतात.

त्या घरात पंप आला नाही. अळ्या हातानं वेचून काढल्या, दोन फांद्या छाटल्या. यंदा पावसाआधी पपनसाच्या शेंड्याला दोन नवी घरटी दिसली. कुठून आल्या कोण जाणे, शेजारच्या आंब्यावरून आल्या असतील. आम्ही सगळ्याजणी पुन्हा त्याच झाडाखाली उभ्या होतो, पण या वेळी चूड कुणाच्या हातात नव्हती. सासूबाई वर बघून हसल्या आणि काही न बोलता विहिरीवर पाण्याला गेल्या.

तुमच्या परसात अशी घरटी असतील, तर जाळायच्या आधी घरातल्या थोरल्या बाईला एकदा विचारा. आणि ती काय म्हणाली, ते आम्हालाही कळवा.